स्त्रीशरीराची परिभाषा आणि प्रौढांचे लैंगिक शिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

लैंगिक शिक्षणाची आपल्याकडील चर्चा बहुधा शाळा आणि किशोरवय यांच्यापुरती मर्यादित राहते. २००७ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमावरून वाद झाला आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो कार्यक्रम रोखला. त्या वादात एक प्रश्न मागे पडला. ज्यांना शाळेत याविषयी काहीच शिकविले गेले नाही, त्या स्त्री-पुरुषांनी प्रौढपणी हे ज्ञान कोठून मिळवावे? विवाह झाला की ते आपोआप येते, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती पोकळ आहे, हे स्त्रीच्या जननांगांसाठी मराठीत रूढ असलेल्या शब्दांकडे पाहिले तरी लक्षात येते. प्रस्तुत लेखात याच शब्दांची चिकित्सा केली आहे. ही परिभाषा तटस्थ नाही. अपत्यजन्म, कौमार्य आणि पुरुषदेह या तीन मापांनी ती घडली आहे. म्हणून प्रौढांच्या सर्वसमावेशक लैंगिक शिक्षणाचा आरंभ परिभाषेच्या दुरुस्तीपासून व्हावयास हवा, असे येथे प्रतिपादन केले आहे.

'समाजस्वास्थ्य'चा वारसा आणि मर्यादा

मराठीत या विषयाचा पाया रघुनाथ धोंडो कर्वे यांनी घातला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली, अश्लीलतेच्या आरोपाखाली खटल्यांना तोंड द्यावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. कामसुख आणि अपत्यजन्म या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्या सुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे कर्व्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. त्या काळाचा विचार करता हे धैर्य असामान्य म्हणावे लागेल.

तथापि, या वारशाची मर्यादाही नोंदविणे अगत्याचे आहे. 'समाजस्वास्थ्य'मधील प्रश्नोत्तरांचा अभ्यास श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा विषयच मध्यमवर्गीय पुरुषांच्या लैंगिक चिंता हा आहे. प्रश्न विचारणारा बहुधा पुरुष आणि उत्तर देणाराही पुरुष, अशा या व्यवहारात स्त्रीचा देह हा संवादाचा विषय झाला, पण स्त्री त्या संवादात बरोबरीने बोलणारी होऊ शकली नाही. कर्व्यांनी स्त्रीचा हक्क मान्य केला. मात्र तो हक्क सांगण्यासाठी स्त्रीला स्वतःची भाषा मिळावी, हे काम शिल्लक राहिले.

'प्रजनन संस्था' या शीर्षकाची अडचण

आपल्या पाठ्यपुस्तकांत स्त्रीशरीराची ओळख 'प्रजनन संस्था' या शीर्षकाखाली होते. बीजांडकोश, बीजांडवाहिनी, गर्भाशय आणि योनी हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. या चौकटीत अपत्यजन्माला उपयोगी पडेल तेवढेच शरीर मावते. क्लिटोरिस या अवयवाचे ज्ञात कार्य सुखसंवेदना हे आहे. साहजिकच त्याला या प्रकरणात जागा मिळत नाही.

ही उपेक्षा केवळ मराठीची नव्हे. जर्मन शारीरशास्त्रज्ञ गेओर्ग लुडविग कोबेल्ट यांनी १८४४ मध्येच या अवयवाचे तपशीलवार वर्णन केले होते. तरीही ते ज्ञान पुढे पाठ्यपुस्तकांत टिकले नाही. १९०५ मध्ये फ्रॉइड यांनी परिपक्व स्त्रीची कामसंवेदना क्लिटोरिसकडून योनीकडे स्थलांतरित होते, असा सिद्धान्त मांडला. मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या १९६६ च्या प्रयोगाधारित अभ्यासाने त्याला छेद दिला. ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, बाहेरून दिसणारा भाग हा या अवयवाचा अल्पांश आहे. त्याचा मोठा भाग शरीराच्या आत, मूत्रमार्ग आणि योनिमार्ग यांच्या लगत पसरलेला असतो. केवळ संभोगाने अनेक स्त्रियांना कामपूर्ती का लाभत नाही, याचा उलगडा या रचनेतून बऱ्याच अंशी होतो. जी गोष्ट शरीररचनेने समजते, ती स्त्रीचा थंडपणा किंवा पतीचा कमीपणा म्हणून सोसली जाते. अज्ञानाची ही किंमत दोघेही मोजतात.

नावात दडलेला निवाडा

मराठीत या अवयवासाठी 'शिश्निका', 'भगशिश्न' असे प्रतिशब्द योजले जातात. दोन्ही शब्द स्त्रीच्या अवयवाला पुरुषाच्या अवयवाची लहान प्रत ठरवितात. 'योनी' हा शब्द बाहेरचा भाग आणि आतील मार्ग या दोहोंसाठी सरसकट वापरला जातो. परिणामी दुखते नेमके कोठे, हे डॉक्टरांना सांगणेही कठीण होते. मूत्राचे छिद्र आणि योनिमार्गाचे मुख वेगवेगळे आहेत, एवढी साधी गोष्टही अनेक सुशिक्षितांना ठाऊक नसते.

सर्वांत बोलके उदाहरण 'कौमार्यपटल' या शब्दाचे आहे. या पडद्याचा आकार आणि लवचिकता व्यक्तिगणिक भिन्न असते. त्यावरून लैंगिक संबंधाविषयी अनुमान काढता येत नाही. तरीही शब्दानेच निवाडा देऊन टाकला आहे. असा निवाडा जगण्यात कसा उतरतो, हे कंजारभाट समाजातील कौमार्यपरीक्षेने आणि २०१८ मध्ये त्याच समाजातील तरुणांनी तिच्याविरुद्ध उभारलेल्या मोहिमेने दाखविले. सेवाग्राम येथील डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या पाठपुराव्यानंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमातून 'कौमार्याची लक्षणे' हा भाग वगळण्याचा निर्णय घेतला. बलात्कारपीडितेच्या तथाकथित 'दोन बोटांच्या चाचणी'चा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये निषेध केला. विद्यापीठ आणि न्यायालय बदलले. शब्द मात्र अजून तोच आहे.

पाश्चात्त्य परिभाषाही निर्दोष नव्हती. स्त्रीच्या बाह्य जननांगांसाठीचे 'पुडेंडम' हे लॅटिन नाव लाजणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे. २०१९ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय शारीरसंज्ञावलीतून ते वगळण्यात आले. नावे बदलता येतात, हा यातील बोध आहे.

मौनाचे परिणाम

हा केवळ शब्दांचा खल नव्हे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. स्वतः तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. दारिद्र्य आणि स्त्रीडॉक्टरांची उणीव ही कारणे आहेतच. पण ज्या दुखण्याचे नाव घेणे लाजिरवाणे, ते दुखणे बाईच्या वाट्याचे म्हणून सोसले जाते, हेही तितकेच खरे.

रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळची वेदना आणि मूत्रविषयक त्रास यांना वैद्यकात पूर्वी ऱ्हासवाचक नाव होते. २०१४ मध्ये तज्ज्ञसंस्थांनी ते बदलून रजोनिवृत्तीचा जनन-मूत्र लक्षणसमूह अशा अर्थाचे नाव स्वीकारले. 'ऱ्हास' म्हटले की वयाचा भोग वाटतो, 'लक्षणसमूह' म्हटले की उपचार सुचतो. नामांतराने दृष्टी कशी बदलते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

समावेशकतेचा अर्थ

प्रौढ लैंगिक शिक्षणपर मराठी लेखनाचा गृहीत वाचक आजही बहुतांशी नवविवाहित दांपत्य हाच असतो. अविवाहिता, विधवा, पन्नाशीपुढील स्त्री, अपंग स्त्री, समलिंगी स्त्री आणि स्त्रीदेहासह जन्मलेले पारपुरुष यांना त्यात स्थान नाही. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंग स्त्रियांच्या लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसारही लैंगिक आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. सक्तीपासून मुक्त, सुरक्षित आणि सुखद अनुभवाची शक्यता त्यात अभिप्रेत आहे. या व्याख्येत विवाहाची अट नाही.

समारोप

संस्कृतप्रचुर शब्द कळत नाहीत, बोलीतील शब्द शिव्या झाले आहेत आणि इंग्रजी 'प्रायव्हेट पार्ट' काहीच सांगत नाही, अशा कोंडीत मराठी स्त्री सापडली आहे. तीतून वाट काढणे अशक्य नाही. बाहेरच्या भागाला 'भग' आणि आतल्या मार्गाला 'योनिमार्ग' म्हणावे. 'कौमार्यपटल' सोडून 'योनिपटल' हा शब्द वापरावा. 'शिश्निके'ऐवजी 'क्लिटोरिस' हा शब्द 'हार्मोन'प्रमाणे मराठीत रुळू द्यावा. हे शब्द प्रथम उच्चारण्याची जबाबदारी कोणाची, असा प्रश्न येईल. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी कायद्याने प्रौढ असतो किंवा प्रौढत्वाच्या उंबरठ्यावर असतो. म्हणून जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी या विषयांच्या अध्यापकांना ही जबाबदारी टाळता येणार नाही. वर्गात हे शब्द न अडखळता उच्चारले गेले, तर दवाखान्यात आणि घरातही ते उच्चारणे सोपे होईल.