‘इच्छामरण’ : एका संज्ञेची चिकित्सा

उपचार नाकारण्याच्या हक्कासंबंधी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘दयामरण’ व ‘इच्छामरण’ हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी योजले जातात. वस्तुतः पहिल्यात दया करणारा दुसरा असतो. दुसऱ्यात इच्छा मरणाऱ्याचीच असावी लागते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. अपंग व्यक्तीच्या बाबतीत तिचे जगणे त्यावर अवलंबून राहते.

‘इच्छामरण’ म्हणताच मराठी वाचकास भीष्म आठवतात. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी शल्य काढावयास आलेल्या वैद्यांना परत पाठविले, आणि पुढे उत्तरायणाची वाट पाहिली. उपचारांस नकार देणे व मरणाची वेळ निवडणे या दोन क्रिया त्या कथेतही निराळ्या आहेत, आणि दोहोंचा कर्ता स्वतः रुग्णच आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणास हाच शब्द लावला गेला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूस कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना अन्न देणे थांबवावे अशी याचिका पिंकी विराणी यांनी केली. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी तीस विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, मात्र उच्च न्यायालयाच्या अनुमतीने उपचार थांबविण्याचा मार्ग मोकळा केला. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने विराणी यांचा न मानता रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. उभयपक्षी कळकळ होती. अरुणाबाईंचा स्वतःचा शब्द मात्र त्यात कोठेच नव्हता. मग ‘इच्छा’ कोणाची?

‘मला हे उपचार नकोत’ आणि ‘तिला मरू द्या’ ही दोन वाक्ये पाहावीत. रुग्ण दोन्हींत ‘ला’ प्रत्ययानेच येतो. परंतु पहिल्यात नकार त्याचा आहे, दुसऱ्यात अनुज्ञा इतरांची. ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने आगाऊ लेखी निर्देशास मान्यता मिळाली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याची रीत सुलभ होऊन दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले. वाचा जाण्यापूर्वीच पहिले वाक्य जतन करून ठेवावे, हेच या निर्देशाचे प्रयोजन होय.

येथे अपंगांवर दुहेरी अन्याय संभवतो. जो बोलू शकतो त्याचा नकार वैफल्याचा उद्गार म्हणून दुर्लक्षिला जातो. जो बोलू शकत नाही त्याच्या मुखी इतरांची दया घातली जाते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाचे तेरावे कलम अपंग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीची विधिक्षमता देते. ती मानावयाची तर तिचे ‘नको’ जितके ग्राह्य, तितकेच तिचे ‘हवे’ही ग्राह्य धरले पाहिजे. श्वासासाठी यंत्र लागते एवढ्यावरून मरणाची इच्छा अनुमानता येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१८ च्या आपल्या परिभाषेत ‘निष्क्रिय दयामरण’ ही संज्ञा कालबाह्य ठरविली. मराठीनेही असाच विवेक करावा. रुग्णाचा शब्द उपलब्ध असेल तेथे ‘उपचारनकार’ म्हणावे. नसेल तेथे ‘उपचार थांबविले’ असे लिहून ते कोणी थांबविले हेही सांगावे. कर्ता लपविणारी संज्ञा या विषयात तरी निरुपद्रवी राहत नाही.