मिशनरी शाळांच्या इतिहासाची साधने : एक परीक्षण

मिशनरी शाळांनी महाराष्ट्राच्या शिक्षणावर काय परिणाम केला, या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे रूढ आहेत. त्या शाळा नसत्या तर आधुनिक विद्या येथे आलीच नसती, असे एक पक्ष म्हणतो. धर्मांतराखेरीज त्यांना काही साधावयाचे नव्हते, असे दुसरा म्हणतो. दोहोंचा आधार मात्र बहुधा एकच, तो म्हणजे मिशनऱ्यांचे अहवाल व चरित्रे. पहिला त्यांतील स्तुती उचलतो, दुसरा त्यांतील कबुली. साधनाची परीक्षा क्वचितच होते.

जॉर्ज स्मिथ या एकाच ग्रंथकाराने विल्सन (१८७८), केरी (१८८५) व हिस्लॉप (१८८८) यांची चरित्रे लिहिली. म्हणजे मुंबई, बंगालमधील श्रीरामपूर व नागपूर या तिन्ही ठिकाणांची हकीकत एकाच लेखणीतून उतरली, आणि तीही चरित्रनायकांच्या गौरवासाठी. मीमांसक ज्यास अर्थवाद म्हणतात त्या कोटीत असे लेखन पडते. अर्थवाद खोटाच असतो असे नव्हे. परंतु केवळ त्याच्या बळावर निर्णय करता येत नाही. त्यासाठी फल पाहावे लागते.

प्रथम आपल्या प्रांताचे पाहू. हिस्लॉपने नागपुरात शाळा काढली ती १८४६ साली; त्या वेळी तेथे भोसल्यांचे राज्य होते, ते १८५४ साली खालसा झाले. शाळेचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. पण याच गृहस्थाने गोंडांची गीते टिपून घेतली, भूस्तरांचा अभ्यास केला, आणि टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना १८६३ साली तो बुडून मरण पावला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली प्रसिद्ध केले. विदर्भाच्या पुरातत्त्वाचा अभ्यासक ते आजही टाळू शकत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरची अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून त्यांनी प्रेरणा घेतली व १८४८ साली स्वतःची शाळा काढली. विद्या तेथून घेतली, धर्म घेतला नाही. देणाऱ्याचा हेतू व घेणाऱ्याचे फल यांतील अंतर याहून स्पष्ट कोठे दिसणार?

तिसरे उदाहरण छापखान्याचे. जावजी दादाजी यांनी मुद्रणाचे काम मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिकून १८६९ साली निर्णयसागर काढला. ज्या निर्णयसागर प्रतींवरून प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांस काव्ये शिकविली, त्यांच्या अक्षरांचे मूळ असे मिशनच्या छापखान्यात आहे.

याच्या उलट, काही गोष्टी मिशनच्या नावे उगाच जमा वा खर्ची पडतात. मिशनऱ्यांनी मोडी मोडली, हा आरोप घ्या. केरीचे मराठी व्याकरण (१८०५) देवनागरीत असले, तरी त्याचा कोश (१८१०) व वैजनाथ पंडितांची सिंहासनबत्तिशी (१८१४) श्रीरामपूरलाच मोडीत छापली. उलटपक्षी, बाळबोध शालेय पुस्तकांचे श्रेयही सर्वस्वी मिशनचे नव्हे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा बाळमित्र (१८२८) सरकारी आश्रयाने चाललेल्या शाळापुस्तक मंडळीच्या परिवारातला आहे. वाटणी करावयाची तर कागद पाहून करावी.

आता उणीव सांगतो. मिशनपूर्वी सर्वत्र अंधार होता, हे वाक्य सिद्ध होण्यास वा खोडले जाण्यास पंतोजीच्या शाळेची साक्ष हवी. ती छापील अहवालांत पुरेशी मिळणार नाही. घरोघरच्या रुमालांत मिळेल. पण आपण संग्राहक पोथी घेतो आणि तिच्या पुठ्ठ्यात चिकटलेला किंवा बांधणीत दडलेला मोडी कित्ता, उजळणी, धड्याचे पान, पंतोजीस दिलेल्या धान्याची टिपणी हे सारे रद्दी म्हणून टाकून देतो. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही हे घडले आहे. ग्रंथ पूर्ण आहे की खंडित, एवढेच त्याने पाहिले.

तेव्हा निर्णय असा : मुद्रणकला, स्त्रीशिक्षण व देशविषयक संशोधन यांतील मिशनचे ऋण निर्विवाद आहे. पूर्वीच्या विद्येच्या अभावाविषयीचे त्यांचे विधान मात्र अद्याप एकतर्फी साक्षीवर उभे आहे. दुसरी साक्ष आपल्याच घरांत पडून आहे. कळंबसारख्या लहान गावीही ती शोधण्याजोगी आहे. वाचकांनी अशी सुटी पाने फेकू नयेत. त्यांवर गाव, घराणे व मिळाल्याची तिथी नोंदवून ती जपावीत, एवढी विनंती.