वाघनखांची पेटी आणि इतिहासाची साक्ष

युद्धात गाजलेली शस्त्रे संग्रहालयात असावीत की खाजगी मालकीत, हा प्रश्न बहुधा मालमत्तेचा म्हणून चर्चिला जातो. वास्तविक तो पुराव्याचा प्रश्न आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या कराराने आलेली व जुलै २०२४ मध्ये सातारा येथे प्रथम प्रदर्शित झालेली वाघनखे हे त्याचे बोलके उदाहरण होय.

ही वाघनखे जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून त्या संग्रहालयास मिळाली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या अफजलखानाच्या वधात वापरलेली ती हीच, अशी समजूत आहे. परंतु या समजुतीचा आधार शस्त्रावर नाही. तो पेटीवरील इंग्रजी मजकुरात आहे. तेथे खानास मोगल सेनापती म्हटले आहे. वस्तुतः तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने ही वस्तू त्यांस दिली, असेही तो मजकूर सांगतो. परंतु दुसरा बाजीराव जून १८१८ मध्येच इंग्रजांस शरण गेला होता आणि डफ यांची साताऱ्यातील कारकीर्द त्याच वर्षी सुरू झाली. एवढ्यावरून कथा खोटी ठरत नाही. मात्र ती सिद्धही होत नाही. या वाघनखांची पडताळणी झालेली नाही, असे खुद्द संग्रहालयाचेच म्हणणे आहे.

अशी कबुली खाजगी संग्राहकास सहसा परवडत नाही. मे २०२३ मध्ये टिपू सुलतानाच्या शयनगृहातील म्हणून ओळखली जाणारी तलवार लंडनच्या लिलावात सुमारे १ कोटी ४० लक्ष पौंडांस गेली. अशा व्यवहारात किंमत पोलादास नसून कथेस मिळते, व कथेविषयीची शंका मालकाच्या नुकसानीची ठरते. संग्रहालयास वस्तू विकावयाची नसते. म्हणून शंका नोंदविणे त्यास शक्य होते.

तथापि खाजगी हातांचे ऋणही मान्य केले पाहिजे. एका कुटुंबाने पेटी जपली नसती, तर तपासावयास तो मजकूरही उरला नसता. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळविलेली रघूजी भोसले यांची तलवारही अशीच टिकून राहिली. तिच्या पात्यावर मात्र रघूजींचे नाव देवनागरीत कोरलेले आहे. तेथे शस्त्र स्वतः साक्ष देते; वाघनखांच्या बाबतीत ती साक्ष पेटी देते. दोहोंचे मोल सारखे मानणे इतिहासशास्त्रास मान्य होणार नाही.

म्हणून अशा वस्तूंचे स्थान संग्रहालयातच. परंतु ते एका अटीवर. संग्रहालय उत्सवाचे स्थान झाले, की गर्दीच्या श्रद्धेपुढे शंका मागे पडते, आणि खाजगी मालकाचा दोष सार्वजनिक संस्थेत शिरतो. दर्शनी फलकावर दावा जेवढ्या ठळक अक्षरांत असेल, तेवढ्याच ठळक अक्षरांत त्याची मर्यादाही असली पाहिजे. शिवाजी महाराजांचा पराक्रम कोणत्याही एका पोलादी तुकड्यावर अवलंबून नाही; त्यामुळे सत्य सांगण्यात त्यास उणेपणा येण्याचे कारण नाही.