घनतेचा मनोरा : दिसते काय, समजते काय?

शालेय विज्ञान प्रदर्शनात ‘घनतेचा मनोरा’ हमखास असतो. उंच ग्लासात तळाशी मध, त्यावर रंगीत पाणी, सर्वांत वर तेल. थर सुंदर दिसतात. पण त्यातून घनता कितपत समजते?

पहिला दोष असा, की तळाशी दाट मध पाहून ‘दाट ते जड’ असा नियम मुले मनाशी बांधतात. ‘घट्ट’ आणि ‘घनता’ या शब्दांच्या साम्याने घोटाळा वाढतो. विदर्भात ओळखीचे असलेले जवसाचे तेलच पाहा. ते पाण्यापेक्षा सावकाश ओघळते, तरी पाण्यावर तरंगते; कारण त्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९३ ग्रॅम आहे. सावकाश ओघळणे हा श्यानतेचा गुण; घनता म्हणजे एकक आकारमानातील वस्तुमान.

दुसरा दोष मिसळण्याचा. दुधाची घनता सुमारे १.०३, पण ते पाण्यात मिसळून जाते. थर दिसला नाही म्हणून दोन्हींची घनता सारखी, असे मूल म्हणाले तर मनोऱ्यापाशी उत्तर नाही.

तिसरा दोष सर्वांत मोठा : इथे कोणी काही मोजतच नाही. क्रम कळतो, संख्या कळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. अरुंद तोंडाची एकच बाटली घ्या. ती रिकामी तोला. मग काठोकाठ पाणी, तेल, दूध आळीपाळीने भरून तोला. द्रवाचे वस्तुमान भागिले पाण्याचे वस्तुमान, ही झाली सापेक्ष घनता. बाटलीत २०० ग्रॅम पाणी मावत असेल, तर जवसाचे तेल सुमारे १८६ ग्रॅम आणि दूध सुमारे २०६ ग्रॅम भरेल. दूध-पाण्यातला ६ ग्रॅमचा फरक साध्या तराजूवर निसटू शकतो. तो का निसटला, ही चर्चा म्हणजेच विज्ञान.

मोजलेली संख्या वर्गाबाहेरही उपयोगी पडते. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची साठवणक्षमता सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. मग भरलेल्या जलाशयात सुमारे ११४.६ कोटी टन पाणी! बाटलीपासून वैनगंगेपर्यंत नेणारे हे गणित रंगीत थरांतून सुटत नाही.

मनोरा जरूर मांडावा, पण तराजू वापरून झाल्यावर. आधी मुलांनी संख्या काढाव्यात, थरांचा क्रम सांगावा आणि मगच ग्लास भरून तो पडताळावा.