बचत मोजली की मांडली?

‘उजाला’ योजनेला जानेवारी २०२२ मध्ये सात वर्षं झाली. तेव्हा सरकारने दिलेला हिशोब असा: ३६.७८ कोटी एलईडी बल्ब लोकांपर्यंत पोचले आणि त्यामुळे दरवर्षी सुमारे ४,७७८ कोटी युनिट वीज वाचते.

संशोधनाकडे वळणार असाल, तर टाळी वाजवण्याआधी एक भागाकार करा. एका बल्बमागे वर्षाला १३० युनिट येतात. आता ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला, तर वाचतात ५१ वॅट. म्हणजे १३० युनिटसाठी तो दिवा वर्षभर रोज सात तास चालू हवा. दिवाणखान्यातला असेलही, पण न्हाणीघरातला, माळ्यावरचा? आणि होल्डरमध्ये आधी १४ वॅटचा सीएफएल असेल, तर बचत फक्त ५ वॅटची.

तेवढ्याच उजेडाला एलईडी कमी वीज खातो, हे पक्कं. त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप ‘वाचते’ या क्रियापदावर आहे. एवढ्या कोटी बल्बांना कुणी मीटर लावत नाही. हा गृहीतकांवरून काढलेला अंदाज असतो, पण असं लिहिलं की तो मोजमाप वाटू लागतो. तुमच्या प्रबंधात असा आकडा घेताना आधी विचारा: जुना दिवा कोणता होता, आणि नवा रोज किती तास लागतो?