‘क्रमशः’चा आनंद : फ्लॅश गॉर्डन आणि त्याचे सोबती

मासिकातील कादंबरी ऐन रंगात यावी आणि पानाच्या तळाशी कंसात ‘क्रमशः’ हा शब्द उमटावा, हा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही. त्या क्षणी होणारा चडफडाट आणि त्या चडफडाटातच दडलेला आनंद, दोन्ही आपल्या परिचयाचे आहेत. अमेरिकेतील चित्रगृहांनी हीच युक्ती पडद्यावर आणली. ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’ (१९१४) सारख्या मूकपटांपासून १९५६पर्यंत हे क्रमशः चित्रपट तेथे निघत राहिले. बोलपटांच्या काळात एका कथेचे साधारण बारा ते पंधरा भाग असत आणि एकेक भाग सुमारे वीस मिनिटांचा असे. शनिवारी दुपारच्या खेळाला वार्तापट, व्यंगपट आणि एखादा काऊबॉयपट यांच्या जोडीने आठवड्याला एक भाग दाखवला जाई. त्यांतील विज्ञानकथांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. आमच्या मते, या मालिकांच्या आस्वादाचा अर्धा भाग पडद्यावर घडतच नाही. तो दोन शनिवारांमधील सहा दिवसांत घडतो.

विज्ञानाच्या कसोटीवर मात्र त्या टिकत नाहीत, हे आरंभीच सांगितलेले बरे. डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेला वाचक येथे पहिल्या पाच मिनिटांतच हात टेकील. परक्या ग्रहावर उतरताच पात्रे मोकळ्या हवेत श्वास घेतात आणि तेथील राजा अस्खलित इंग्रजी बोलतो. काही चाहते असे समर्थन करतात की, या चित्रपटांनी अंतराळयुगाची चाहूल आधीच दिली होती. आम्हाला हे समर्थन पटत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. निर्मळ करमणुकीला भविष्यवेत्त्याचा झगा चढवण्याचे कारण काय?

आमच्या पिढीला फ्लॅश गॉर्डन भेटला तो ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या पानांवर, वेताळ आणि मॅन्ड्रेक यांच्या पंगतीत. अ‍ॅलेक्स रेमंड यांनी १९३४मध्ये वृत्तपत्रांसाठी रेखाटलेल्या या नायकाला युनिव्हर्सल कंपनीने १९३६मध्ये पडद्यावर आणले. दिग्दर्शक फ्रेडरिक स्टेफानी, भाग तेरा. नायक बस्टर क्रॅब हे १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवलेले जलतरणपटू होते. अभिनयाची मोठी देणगी त्यांच्यापाशी नव्हती. मात्र एक साधा प्रामाणिकपणा होता आणि या भूमिकेला तेवढा पुरला.

मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळू पाहत असतो. फ्लॅश, डेल आर्डेन आणि शास्त्रज्ञ झारकॉव्ह घरगुती अग्निबाणात बसून तेथे जातात आणि सम्राट मिंगच्या तावडीत सापडतात. पुढे सिंहमानव, मत्स्यमानव, श्येनमानव असे एकेक राज्य येते. श्येनमानवांचा राजा व्हल्टन याची नगरी आकाशात तरंगते ती किरणांच्या आधारावर, आणि त्या किरणांसाठी खालच्या भट्ट्यांत कैदी अहोरात्र रेडियम लोटत असतात. वर मेजवानी, खाली घामाने निथळणारी माणसे! भट्ट्यांचा स्फोट होतो, नगरी डळमळू लागते, तेव्हा झारकॉव्ह नवा किरण शोधून ती सावरतो आणि त्या मोबदल्यात कैद्यांची सुटका होते. अमेरिकेत महामंदीची झळ घरोघरी लागलेली होती त्या काळातील हा प्रसंग आहे. लेखकांनी तो जाणूनबुजून रचला असेल असे आम्ही म्हणत नाही. पण मुलांच्या करमणुकीत असे एखादे चित्र येऊन जाते आणि ते प्रवचनापेक्षा खोल रुतते, हे आम्हा प्रवचनकारांनी मान्य करायला हवे.

निर्मितीतील काटकसर तर जागोजागी दिसते. बुरूज आणि दालने ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या उरलेल्या नेपथ्यातून आली, देवाची मूर्ती ‘द ममी’तून, तर अग्निबाण ‘जस्ट इमॅजिन’ या १९३०च्या चित्रपटातून. तारेला टांगलेली ती प्रतिकृती आकाशात घरघरत जाते आणि शेपटीतून निघणारा धूर मागे न जाता सरळ वर चढतो. हसू येते खरे. पण कोकणातील दशावतारात लाकडी सोंड बांधलेला गणपती मंचावर येतो तेव्हा प्रेक्षक हसत नाहीत. सोंड लाकडाची आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही तो गणपतीच असतो. प्रेक्षकाने स्वतःहून काही भर घालायची, हा तेथील अलिखित करार. टांगलेल्या अग्निबाणाचाही करार तोच आहे. आजचे संगणकी चित्रपट सारे काही पुरवतात आणि प्रेक्षकाकडे काहीच मागत नाहीत. त्यामुळे ते पाहून डोळे दिपतात, मन मात्र रिकामेच राहते.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या भागाच्या अखेरीस फ्लॅश आणि मिंगची कन्या ऑरा यांच्या पायाखालची जमीन दुभंगते आणि ती दोघे खोल खड्ड्यात कोसळतात. पुढच्या शनिवारी कळते की खाली जाळे होते. सुटका अशी क्षुल्लक असते. कधी कधी तर ती सरळ लबाडी असते. मोटार नायकासह दरीत कोसळताना आपण पाहिलेले असते, आणि पुढच्या भागात तोच नायक आधीच बाहेर उडी घेताना दाखवला जातो. जे दृश्य मागच्या आठवड्यात नव्हते ते आता मध्येच येते. त्या मुलांना ही फसवणूक कळत नसेल, असे आम्हाला वाटत नाही. पण सहा दिवस त्यांनी स्वतः शोधलेल्या सुटकेच्या वाटा पडद्यावरील वाटेपेक्षा अधिक सरस असणार. जाळ्याचे उत्तर सामान्य असले तरी प्रश्न त्यांचा स्वतःचा झालेला असे. म्हणूनच हे भाग आज सलग तासन् तास पाहणाऱ्याच्या हाती केवळ लबाडी लागते, आनंद लागत नाही. प्रत्येक भागाच्या आरंभीची उजळणी त्याला कंटाळवाणी वाटते, कारण विसरायला त्याला वेळच मिळालेला नसतो. घरातील मुले एका रात्रीत संपूर्ण मालिका संपवतात, अशी तक्रार अनेक पालक आमच्याकडे करतात. ती किती तास पाहतात याहून, वाट पाहण्याची त्यांची शक्ती क्षीण होत आहे याची चिंता आम्हाला अधिक वाटते.

इतर मालिकांविषयी थोडक्यात. ‘द फँटम एम्पायर’ (१९३५) मध्ये गायक जीन ऑट्री भूगर्भातील प्रगत साम्राज्यात अडकतो, पण कसेही करून त्याला रोज दुपारी दोन वाजता वर येऊन रेडिओवर गावे लागते, नाहीतर करार जाईल! इतका विक्षिप्त आणि इतका लोभस कथाबंध आम्ही दुसरा पाहिलेला नाही. ‘बक रॉजर्स’ (१९३९) मध्ये पुन्हा क्रॅबच आहेत, पण चव नाही. ‘किंग ऑफ द रॉकेट मेन’ (१९४९) मध्ये नायकाच्या छातीवर वर-खाली, जलद-मंद अशा मोजक्याच कळा असतात. तरी लायडेकर बंधूंनी उघड्या आकाशाखाली तारेवरून सरकवलेला तो पुतळा खरोखर उडतो असे वाटते. खोटा प्रकाश नाही, हे त्याचे रहस्य असावे. त्याच कंपनीच्या पुढील मालिकांत जुनीच उड्डाणे पुन्हा वापरली जाऊ लागली, आणि तोवर दूरदर्शन संचही घरोघरी आला.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. मिंग हे नाव चिनी राजवंशाचे, मिशा आणि झगा पौर्वात्य, आणि तो रंगवणारे चार्ल्स मिडलटन केंटकीचे. फू मांचूपासून चालत आलेला ‘क्रूर आशियाई’ हा साचा येथे विश्वाच्या सिंहासनावर बसवला आहे. मिडलटन यांचा खर्जातील आवाज आणि संथ पावले पडद्यावरील इतर सर्वांना झाकोळतात हे खरे. पण सोनेरी केसांच्या नायकासाठी टाळ्या वाजवताना आपण आशियाई प्रेक्षक कोणाविरुद्ध टाळ्या वाजवत आहोत, हे मुलांना सांगावयास हवे. १९४०च्या तिसऱ्या मालिकेत मिंगच्या अंगावर युरोपीय लष्करी थाटाचा पोशाख येतो. खलत्वाला चेहरा लागतो आणि तो चेहरा काळाप्रमाणे बदलतो, हे तेथे आयतेच दाखवता येते.

योगायोग असा की, ‘फ्लॅश गॉर्डन’ आला त्याच वर्षी, २९ जून १९३६ रोजी, पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयीचे ‘व्हिजिलान्ती कुरा’ हे परिपत्रक काढले. त्याचा उल्लेख बहुधा निषेधाच्या संदर्भात होतो. परंतु औद्योगिक जीवनाने शिणलेल्या माणसाला करमणूक ही गरज आहे, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. ती करमणूक माणसाच्या प्रतिष्ठेला शोभेशी असावी, एवढीच अट. या अटीवर आम्ही वरील मालिकांना उत्तीर्ण ठरवू, मिंगबाबतचा शेरा प्रगतिपुस्तकात कायम ठेवून.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी १९३६ची मालिका घ्यावी आणि रविवारी एकच भाग पाहावा. तेरा आठवडे लागतील. त्यानंतर ‘फ्लॅश गॉर्डन्स ट्रिप टू मार्स’ (१९३८), भाग पंधरा. मेला असे वाटलेला मिंग तेथे पुन्हा हजर होतो आणि पृथ्वीच्या वातावरणातील नायट्रोजन शोषू लागतो. पण खरे पाहण्याजोगे आहेत ते मातीचे मानव. गुहेची निर्जीव भिंत हळूहळू फुगते, तिच्यातून एक आकृती सुटी होते आणि चालू लागते. एका शब्दाचाही आधार न घेता घडणारे ते दृश्य नव्वद वर्षांच्या उंबरठ्यावरही अंगावर काटा आणते.