नाताळातली माफी

नाताळाच्या दिवसांत घडणाऱ्या अभिजात इंग्रजी रहस्यकथांत चोरीचा माल बहुधा सणाच्याच वस्तूंत दडलेला असतो. आर्थर कॉनन डॉइलच्या कथेत निळे रत्न मेजवानीच्या हंसाने गिळलेले निघते. डोरोथी सेयर्सच्या कथेत मोती मिसलटोच्या पांढऱ्या फळांत मिसळून टांगलेले असतात. अगाथा ख्रिस्तीच्या कथेत माणिक पुडिंगमधून बाहेर येते. या युक्त्यांचे कौतुक पुष्कळ झाले. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न : चोर सापडल्यावर त्याचे काय करायचे?

जानेवारी १८९२च्या ‘स्ट्रँड मॅगझिन’मध्ये आलेल्या डॉइलच्या कथेत हॉटेलातला नोकर रायडर रत्न चोरतो आणि आळ हॉर्नर या प्लंबरवर ढकलतो. हॉर्नरला पूर्वी एकदा शिक्षा झालेली. त्यामुळे संशय त्याला सहज चिकटतो. शेवटी रायडर गयावया करतो आणि होम्स त्याला सोडून देतो. दिवस क्षमेचे आहेत आणि तुरुंगात गेला तर हा कायमचा गुन्हेगार होईल, असे तो म्हणतो. हॉर्नरवरून तो रायडरला खडसावतो, हेही खरे. पण ज्या नशिबातून तो रायडरला वाचवतो, तेच हॉर्नर आधीपासून भोगतो आहे. रायडर साक्षीला येणार नाही, म्हणून हॉर्नरवरचा खटला कोसळेल, एवढ्यावर होम्सचे समाधान होते. हॉर्नर कथेत प्रत्यक्ष येतच नाही; तो भेटतो फक्त वर्तमानपत्राच्या बातमीत.

१९११च्या ‘द इनोसन्स ऑफ फादर ब्राउन’ या संग्रहातील चेस्टरटनची ‘द फ्लाइंग स्टार्स’ ही कथा नाताळच्या दुसऱ्या दिवशी घडते. घरगुती प्रहसनाच्या गोंधळात फ्लँबो हिरे लांबवतो. झाडावर चढलेल्या त्या चोराला फादर ब्राउन खालून सांगतात, की तुझ्या चोरीचा संशय एका निरपराध तरुणावर येतो आहे. हिरे खाली पडतात. चोर निसटतो, पण आधी निरपराध माणूस मोकळा होतो.

कथा म्हणून डॉइलचीच सरस. चेस्टरटनचा पाद्री जरा लांबच बोलतो. पण माफीचा हिशेब चेस्टरटनने पुरा केला आहे. होम्सने माफी दिली खरी. मात्र ज्याचे नुकसान झाले, त्या हॉर्नरला कोणी विचारले नाही.